अंतर्गत एक्स्चेंजमागून मॉडेमने फोन कसा लावावा: डायल स्ट्रिंग, रजिस्टरे आणि पुनर्प्रयत्न

आपल्या प्रश्नाचा गोषवारा असा आहे. दूरच्या नियंत्रक यंत्राशी संपर्क साधण्यासाठी ठेवलेला आपला बाह्य मॉडेम थेट दूरध्वनी लाइनवर व्यवस्थित फोन लावतो. तोच मॉडेम अंतर्गत एक्स्चेंजमागे (पीबीएक्स, म्हणजे इमारतीतल्या फोनांना बाहेरच्या लाइनी वाटून देणारे यंत्र) जोडला की कधी 'नो डायलटोन' असे उत्तर देतो, कधी भलत्याच ठिकाणी फोन लावतो, आणि कधी पलीकडच्या मॉडेमचा आवाज ऐकू येऊनही शेवटी 'नो कॅरिअर' सांगून लाइन सोडून देतो. यावर नेमकी कोणती इनिट स्ट्रिंग, म्हणजे सुरुवातीला मॉडेमला पाठवायच्या आज्ञांची ओळ, द्यावी, आणि फोन न लागल्यास पुन्हा प्रयत्न करण्याचे काम मॉडेमकडे ठेवावे की प्रोग्रॅमकडे, असे आपण विचारले आहे.

या तिन्ही तक्रारी फोन लावण्याच्या तीन वेगवेगळ्या टप्प्यांवरच्या आहेत, त्यामुळे सगळ्यांना पुरेल अशी एकच स्ट्रिंग शोधत बसल्यास वेळ वाया जाईल. मॉडेम आधी लाइन उचलतो, मग डायल टोन ऐकतो किंवा न ऐकताच पुढे जातो, मग आकडे पाठवतो, आणि शेवटी पलीकडच्या कॅरिअरची, म्हणजे माहिती वाहून नेणाऱ्या मॉडेमच्या संकेताची, ठरावीक काळ वाट पाहतो. यांतले प्रत्येक काम किती वेळ चालावे आणि केव्हा अयशस्वी मानावे हे ठरवणारी स्वतंत्र आज्ञा किंवा स्वतंत्र एस-रजिस्टर, म्हणजे मॉडेमच्या स्मृतीतली एक संख्या साठवणारी जागा, असते. मॉडेम कोणत्या टप्प्यावर अडकतो हे कळले की बदलायचे रजिस्टर आपोआप सापडते. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक अडचणींत क्रमांक बरोबर होता आणि वेळेचे गणित चुकलेले होते.

पुढे सर्व आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. प्रत्यक्ष टंकताना त्यांची रोमन अक्षरे आणि इंग्रजी आकडे वापरावेत. ही आज्ञापद्धत हेज कंपनीच्या १९८१ सालच्या स्मार्टमॉडेममुळे रूढ झाली आणि पुढे तिचा बराचसा भाग आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या व्ही.२५० या शिफारशीत आला. मूळ गाभा सगळीकडे सारखा असला, तरी ॲम्परसँडने सुरू होणाऱ्या आज्ञा आणि मोठ्या क्रमांकांची रजिस्टरे उत्पादकागणिक बदलतात. तेवढ्यांसाठी आपल्या मॉडेमची पुस्तिका जवळ असावी. आरंभीची 'एटी' ही दोन अक्षरे दोन्ही मोठी किंवा दोन्ही लहान टंकावीत. सिरियल पोर्टचा वेग आणि पॅरिटी मॉडेम याच दोन अक्षरांच्या बिटांवरून ओळखतो, आणि एक मोठे व एक लहान अक्षर त्याला चालत नाही.

प्रोग्रॅम तूर्त बंद ठेवावा आणि मिनिकॉम किंवा हायपरटर्मिनलसारख्या साध्या टर्मिनलमधून मॉडेमशी थेट बोलावे. ज्या प्रोग्रॅमचा स्वतःचा टाइमआउट आणि स्वतःची इनिट स्ट्रिंग आहे, तो मध्ये असताना दोष मॉडेमचा की प्रोग्रॅमचा हे कळायला मार्ग राहत नाही. प्रथम मॉडेमला कारखान्यातल्या मूळ मांडणीवर आणावे, स्पीकर कायम चालू ठेवावा आणि नुसती लाइन उचलावी:

एटी&एफ
एटीएम२एल२
एटीएच१

आता कान देऊन ऐकावे. सलग डायल टोन येतो का, तुटक येतो, की टक् असा आवाज होऊन शांतता पसरते? काहीच ऐकू येत नसेल तर आज्ञांचा विचार सोडून आधी तार तपासावी. ती मॉडेमच्या 'लाइन' लिहिलेल्या खोबणीत आहे की 'फोन' लिहिलेल्या, समांतर जोडलेल्या एखाद्या फोनचा रिसीव्हर उचललेला राहिला आहे का, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अंतर्गत एक्स्चेंजने दिलेली ती लाइन ॲनालॉग आहे का, हे पाहावे. डिजिटल एक्स्टेन्शनचे सॉकेट दिसायला तसेच असते, पण त्यावर साधा मॉडेम चालत नाही आणि तिथल्या विद्युतप्रवाहाने तो कायमचा बिघडूही शकतो. ऐकून झाल्यावर 'एटीएच' देऊन लाइन सोडावी आणि दुसरी चाचणी घ्यावी. बाहेरची लाइन मिळवण्याचा आकडा ९ आहे असे धरले, तर:

एटीएक्स३डीटी९;

शेवटचा अर्धविराम इथे मोलाचा आहे. त्यामुळे मॉडेम ९ हा आकडा पाठवतो, कॅरिअरची वाट पाहत थांबण्याऐवजी 'ओके' म्हणून आज्ञा स्वीकारायला मोकळा होतो, आणि लाइन मात्र उचललेलीच राहते. स्पीकर चालू असल्याने ९ नंतर बाहेरचा टोन येतो का आणि किती वेळाने येतो हे घड्याळ लावून मोजता येते. ही वेळ दिवसातून दोन-तीनदा, विशेषतः बाहेरच्या लाइनींवर गर्दी असताना, मोजून लिहून ठेवावी. डायल स्ट्रिंग त्याच नोंदीवरून बनणार आहे.

पहिली तक्रार 'नो डायलटोन' या उत्तराची. मॉडेमला डायल टोन म्हणून काय ओळखायचे हे आधीच शिकवलेले असते, आणि ती ओळख देशागणिक वेगळी असते. उत्तर अमेरिकेत हा टोन ३५० आणि ४४० हर्ट्झ या दोन वारंवारितांचा मिळून बनतो, युरोपच्या बऱ्याच भागात तो ४२५ हर्ट्झचा एकेरी असतो. अंतर्गत एक्स्चेंज बनवणाऱ्याने आपल्या सोयीचा तिसराच टोन निवडलेला असू शकतो. शिवाय व्हॉइसमेलमध्ये निरोप साठला आहे हे कळवण्यासाठी काही एक्स्चेंज सुरुवातीला तुटक टोन देतात. माणसाच्या कानाला हे सगळे डायल टोनच वाटतात. मॉडेमला मात्र त्यांतले काही ओळखू येत नाहीत, आणि ठरलेली वेळ संपली की तो 'नो डायलटोन' सांगून लाइन ठेवून देतो.

ही तपासणी करायची की नाही हे एक्स आज्ञा ठरवते. एक्स४ मध्ये मॉडेम डायल टोनची वाट पाहतो आणि व्यग्र टोनही ओळखतो. एक्स३ मध्ये तो डायल टोनसाठी थांबत नाही, पण व्यग्र टोन ओळखतो. एक्स२ मध्ये डायल टोनसाठी थांबतो, पण व्यग्र टोन ओळखत नाही. एक्स१ आणि एक्स० यांत दोन्ही तपासण्या नसतात, आणि एक्स० मध्ये तर जोडणीचा वेगही कळवला जात नाही. अंतर्गत एक्स्चेंजमागच्या मॉडेमसाठी एक्स३ हीच योग्य निवड आहे. एक्स१ वापरण्याचा सल्लाही दिला जातो, पण तो मी देणार नाही, कारण त्यात 'बिझी' हे उत्तर हरवते आणि पलीकडची लाइन गुंतलेली असताना मॉडेम विनाकारण पूर्ण मुदत थांबून राहतो. पुनर्प्रयत्नांचे धोरण ठरवताना 'बिझी' आणि 'नो कॅरिअर' यांतला फरक फार उपयोगी पडतो.

एक्स३ मध्ये मॉडेम लाइन उचलल्यावर एस६ या रजिस्टरात लिहिलेले सेकंद थांबून डायल करू लागतो. सामान्यतः ही किंमत २ असते. आपल्या एक्स्चेंजला टोन द्यायला त्याहून अधिक वेळ लागत असेल, तर 'एस६=४' असे वाढवावे; नाहीतर एक्स्चेंज ऐकायला तयार होण्यापूर्वीच पहिला आकडा निघून जातो. आपली दुसरी तक्रार, म्हणजे भलत्या ठिकाणी फोन लागणे, पुष्कळदा इथूनच सुरू होते. पहिला ९ गिळला गेला की उरलेल्या आकड्यांतले सुरुवातीचे दोन-तीन आकडे एखाद्या अंतर्गत एक्स्टेन्शनचा क्रमांक बनतात, आणि कोणाच्या तरी टेबलावर फोन वाजतो.

याचा दुसरा प्रकार ९ आणि पुढचा क्रमांक यांच्या मधल्या जागेत घडतो. बाहेरचा टोन येण्यापूर्वी क्रमांकाचा पहिला आकडा गेला, तर तो हरवतो आणि पुढचे सगळे आकडे एक घर सरकतात. यावरचा प्रचलित उपाय स्वल्पविराम हा आहे. डायल स्ट्रिंगमधला प्रत्येक स्वल्पविराम एस८ मध्ये लिहिलेले सेकंद थांबवतो, आणि ही किंमत बहुतेक मॉडेमांत २ असते:

एटीएक्स३डीटी९,५५५०१२३

स्वल्पविरामाचा दोष असा की तो आंधळा असतो: टोन अर्ध्या सेकंदात आला तरी थांबतो, आणि दोन सेकंदांत आला नाही तरी पुढे जातो. म्हणून शक्य तिथे 'डब्ल्यू' हे अक्षर वापरावे. त्या जागी मॉडेम खरोखर टोन ऐकू येईपर्यंत थांबतो, आणि नियत मुदतीत टोन आला नाही तर उरलेले आकडे न पाठवता लाइन सोडून देतो:

एटीएक्स३डीटी९डब्ल्यू५५५०१२३

आपल्या परिस्थितीसाठी मला हीच रचना सर्वांत उचित वाटते. एक्स३ मुळे एक्स्चेंजचा अनोळखी अंतर्गत टोन तपासला जात नाही, आणि डब्ल्यूमुळे सार्वजनिक जाळ्याचा परिचित टोन मात्र तपासला जातो. बाहेरच्या सर्व लाइनी व्यग्र असतील तर मॉडेम चुकीचा क्रमांक फिरवण्याऐवजी नापास होतो, आणि आपल्याला तेच हवे आहे. मात्र काही अंतर्गत एक्स्चेंज ९ दाबल्यावर बाहेरचा खरा टोन न देता स्वतःचाच बनावट टोन ऐकवतात, किंवा सगळे आकडे गोळा करून नंतरच बाहेर पाठवतात. तिथे डब्ल्यू निरुपयोगी ठरतो आणि मोजलेल्या वेळेपेक्षा थोडे अधिक पडतील इतके स्वल्पविराम द्यावे लागतात. अर्धविरामाची चाचणी आधी करायला सांगितली ती याचसाठी.

डायल स्ट्रिंगमधली बाकीची चिन्हे क्वचितच लागतात. ॲटचे चिन्ह (@) सुमारे पाच सेकंद सलग शांतता मिळेपर्यंत थांबवते, म्हणजे पलीकडे ध्वनिमुद्रित निवेदन असेल तिथे ते उपयोगी पडते. उद्गारचिन्ह सुमारे अर्धा सेकंद लाइन ठेवून पुन्हा उचलते, ज्यामुळे काही अंतर्गत एक्स्चेंज कॉल वर्ग करतात. कंस, आडवी रेघ आणि मोकळी जागा मॉडेम दुर्लक्षित करतो. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी: 'डी' नंतरचे सर्व काही मॉडेम डायल करण्याचा भाग मानतो. म्हणून एक्स३, एस७ यांसारख्या आज्ञा डीच्या आधी लिहाव्यात. तसेच डायल सुरू झाल्यावर जोडणी होईपर्यंत कळफलकाला हात लावू नये; त्या काळात संगणकाकडून एकही अक्षर गेले तरी मॉडेम कॉल रद्द करतो. प्रोग्रॅमने ओळीच्या शेवटी पाठवलेले एखादे जादा अक्षरही हेच करते, आणि मग कारण न सापडणारा 'नो कॅरिअर' दिसतो.

आकडे वेळेवर जाऊनही कधी कधी नीट पोचत नाहीत. टोन पद्धतीत प्रत्येक आकडा दोन वारंवारितांचा मिळून बनतो, उदाहरणार्थ ५ या आकड्यासाठी ७७० आणि १३३६ हर्ट्झ. हा टोन किती मिलिसेकंद वाजावा हे एस११ मध्ये असते आणि तिथे ९५ च्या आसपासची किंमत आढळते. वेळ वाचवण्यासाठी ती ५० वर आणण्याची हौस अनेकांना असते. आधुनिक सार्वजनिक एक्स्चेंज तेवढा छोटा टोनही घेते, पण जुने अंतर्गत एक्स्चेंज अधूनमधून एखादा आकडा सोडून देते, आणि 'दहातून एकदा चुकीचा नंबर लागतो' अशी तक्रार येते. तशी शंका असल्यास 'एस११=१२०' करून पाहावे. संपूर्ण क्रमांकाला जेमतेम अर्धा-पाऊण सेकंद अधिक लागतो.

पल्स पद्धत, म्हणजे 'डीपी', आता फक्त फार जुन्या लाइनींवर लागते. तीत लाइन सेकंदाला दहा वेळा तोडून जोडली जाते आणि जेवढा आकडा तेवढे पल्स जातात, शून्याला दहा. तोडण्याचे आणि जोडण्याचे प्रमाणही देशानुसार बदलते, ते काही मॉडेमांत &पी आज्ञेने निवडता येते. हा नियमही सार्वत्रिक नव्हता: स्वीडनमध्ये शून्याला एकच पल्स होता, आणि न्यूझीलंडमध्ये चकतीवरचे आकडे उलट क्रमाने होते. तारा (*) आणि चौकट (#) ही चिन्हे पल्सने पाठवताच येत नाहीत. म्हणून पल्सची लाइन असेल, तर कॉल वेटिंग बंद करण्यासारख्या सोयींसाठी वेगळे आकडे शोधावे लागतात. उत्तर अमेरिकेत तारा-७० ऐवजी ११७० लावतात तो याचाच नमुना. कॉल वेटिंगचा उल्लेख आलाच आहे तर, ती सोय लाइनवर असल्यास डायल स्ट्रिंगच्या आरंभीच बंद करावी, कारण मधेच येणारी तिची पिक् कॅरिअर तोडू शकते. बंद करणे शक्य नसेल तर एस१० वाढवावे. कॅरिअर नाहीसा झाल्यावर मॉडेमने किती दशांश सेकंद धीर धरावा हे त्यात असते, आणि नेहमीची १४ म्हणजे १.४ सेकंद ही किंमत ५० पर्यंत नेली तर जोडणी बरेचदा तगते.

आता तिसरी तक्रार, म्हणजे आवाज ऐकू येऊनही 'नो कॅरिअर' मिळणे. इथे एस७ तपासावे. डायल करणे संपल्यापासून कॅरिअर मिळेपर्यंत किती सेकंद थांबायचे हे एस७ सांगते. हेजच्या मूळ मॉडेमांत ते ३० होते, नंतरच्या अनेकांत ५० किंवा ६० असते. या मुदतीत काय काय बसवायचे आहे ते पाहा. पलीकडच्या मॉडेमचे एस० पाच असेल, तर तो पाचव्या घंटीला उचलतो. घंटीचे आवर्तन सहा सेकंदांचे धरले तर तिथेच चोवीस-पंचवीस सेकंद गेले. त्यानंतर तो २१०० हर्ट्झचा उत्तराचा टोन देतो, आणि मग वेगाची बोलणी होतात, व्ही.३४ च्या (३३,६०० बिटांपर्यंतच्या) मॉडेमांना त्यासाठी दहा-पंधरा सेकंद सहज लागतात, ५६ हजार बिटांच्या व्ही.९० ला याहूनही जास्त. म्हणजे ३० सेकंदांची मुदत आवाज ऐन रंगात आला असताना संपते, आणि ऐकणाऱ्याला वाटते की मॉडेमांचे एकमेकांशी पटत नाही. पलीकडच्या यंत्राचे एस० १ किंवा २ करणे हा खरा इलाज, आणि आपल्या बाजूला 'एस७=९०' ठेवणे ही सुरक्षिततेची तरतूद. काही देशांच्या मांडणीत या रजिस्टराला कमाल मर्यादा घातलेली असते आणि मॉडेम त्यापलीकडची किंमत स्वीकारत नाही, म्हणून लिहून झाल्यावर 'एटीएस७?' विचारून खात्री करून घ्यावी.

मुदत वाढवूनही जोडणी होत नसेल, तर वेग कमी करण्याचा मार्ग आहे. नियंत्रक यंत्राला काही आकडे कळवायला २४०० किंवा ९६०० बिटांचा वेग पुरेसा असतो, आणि कमी वेगाची बोलणी लवकर व खात्रीने आटोपतात. यासाठी बऱ्याच मॉडेमांत '+एमएस' ही आज्ञा असते; 'एटी+एमएस=व्ही२२बी' दिल्यास मॉडेम २४०० च्या पद्धतीनेच बोलतो. यंत्राशी चार शब्द बोलायला ३३,६०० चा आग्रह धरणे मला कधीच पटलेले नाही.

देशाची मांडणी हा भाग कोणी फारसा पाहत नाही, पण वरच्या अनेक गोष्टी तिच्यावर अवलंबून असतात: कोणता डायल टोन आणि व्यग्र टोन ओळखायचा, पल्सचे प्रमाण काय, एस७ ची मर्यादा किती, आणि एकाच क्रमांकावर पाठोपाठ किती वेळा प्रयत्न करू द्यायचे. मॉडेम दुसऱ्या देशातून आणलेला असेल तर 'एटी+जीसीआय?' विचारून पाहावे. उत्तर दोन चिन्हांच्या संकेतात येते, उदाहरणार्थ अमेरिकेसाठी 'बी५' आणि जपानसाठी '००'. ही आज्ञा नसलेल्या मॉडेमांत उत्पादकाचे वेगळे साधन असते. ज्या लाइनवर मॉडेम व्यग्र टोन कधीच ओळखत नाही, तिथे मला पहिला संशय याच मांडणीचा येतो.

टर्मिनलमधून फोन भरवशाने लागू लागला की मगच प्रोग्रॅमकडे वळावे. विंडोजच्या फोन आणि मॉडेम मांडणीत ठिकाणानुसार बाहेरच्या लाइनचा आकडा, क्षेत्र-संकेतांक आणि कॉल वेटिंग बंद करण्याचा संकेत भरायची जागा असते. क्रमांक अधिकचिन्ह, देशाचा संकेतांक आणि कंसात क्षेत्र-संकेतांक अशा प्रमाण रूपात दिला असेल, तरच हे नियम लागू होतात. नुसते आकडे भरले तर ते जसेच्या तसे जातात. डायल टोनची वाट पाहण्याचा तिथला चौकोन रिकामा केला की प्रणाली एक्स४ ऐवजी एक्स३ पाठवते. बाहेरच्या लाइनचा ९ एकदा या मांडणीत आणि पुन्हा क्रमांकातही, असा दोनदा लिहिला जाणे ही नेहमीची गफलत आहे. उत्तर अमेरिकेत तिचे एक धोकादायक भावंड आहे: बाहेरच्या लाइनचा ९ आणि दूर अंतरासाठीचा १, हा १ दोन जागी लिहिला गेला तर स्ट्रिंगची सुरुवात ९११ होते, आणि मॉडेम थेट आणीबाणीच्या सेवेला फोन लावू शकतो.

लिनक्सवर पीपीपीडी या जोडणी सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमसोबत चॅट स्क्रिप्ट (मॉडेमला आज्ञा देऊन त्याची उत्तरे तपासणारी फाइल) वापरत असाल, तर दोन गोष्टी तपासाव्यात. चॅटचा स्वतःचा टाइमआउट ठरवून दिला नसेल तर ४५ सेकंदांचा असतो. मॉडेमला एस७ मध्ये ९० सांगितले आणि चॅट ४५ ला सोडून गेला, तर वरची सगळी मेहनत फुकट जाते. म्हणून डायल करण्याच्या ओळीआधी टाइमआउट एस७ हून दहा-पंधरा सेकंद अधिक ठेवावा, कारण चॅट आकडे पाठवण्याचा वेळही मोजतो. दुसरे म्हणजे 'ॲबॉर्ट'च्या ओळी, म्हणजे कोणते उत्तर आले की प्रयत्न सोडायचा हे सांगणाऱ्या ओळी. तिथला मजकूर मॉडेमच्या उत्तराशी अक्षरशः जुळावा लागतो, आणि काही मॉडेम 'डायलटोन' एक शब्द लिहितात तर काही दोन. दोन्ही रूपे देऊन ठेवावीत. 'बिझी', 'नो कॅरिअर' आणि 'नो ॲन्सर' यांच्यासाठीही वेगवेगळ्या ओळी असाव्यात.

इनिट स्ट्रिंग मॉडेमच्या स्मृतीत '&डब्ल्यू'ने साठवावी की दर वेळी प्रोग्रॅमने पाठवावी? मी दर वेळी पाठवण्याच्या बाजूचा आहे. मॉडेम बदलला, कोणी त्याला मूळ मांडणीवर आणले, तरी प्रोग्रॅम आपले काम करतो, आणि काय लावले आहे हे एका फाइलीत वाचता येते. 'एटीझेड' (मॉडेमला साठवलेल्या मांडणीवर आणणारी आज्ञा) स्वतंत्र ओळीत द्यावे, कारण त्याच ओळीत पुढे लिहिलेल्या आज्ञा अनेक मॉडेम सोडून देतात. आपल्यासाठी सुरुवातीचा मसुदा असा:

एटी&एफ
एटीएक्स३&सी१&डी२एम१
एटीएस०=०एस६=४एस७=९०एस११=१००
एटीडीटी९डब्ल्यू५५५०१२३

यातील '&डी२' वगळू नये. त्यामुळे प्रोग्रॅमने सिरियल पोर्टची डीटीआर तार खाली आणताच मॉडेम लाइन ठेवतो. ते नसेल तर प्रोग्रॅम बंद पडल्यावरही कॉल चालू राहतो आणि पुढचा प्रयत्न लागत नाही. हार्डवेअर प्रवाह-नियंत्रणाची आज्ञा मात्र पुस्तिकेतून घ्यावी, कारण रॉकवेल घराण्यातल्या मॉडेमांत ती '&के३' असते आणि यूएस रोबोटिक्सच्या मॉडेमांत '&एच१&आर२'.

अंतर्गत एक्स्चेंजच्या पलीकडे इंटरनेटवरून जाणारी दूरध्वनी सेवा असेल, तर आणखी थोडी काळजी घ्यावी लागते. आवाजाचे संकोचन मॉडेमचा संकेत मोडून टाकते, म्हणून तिथे जी.७११ हाच कोडेक (आवाज आकड्यांत बदलण्याची पद्धत) असावा, शांतता वगळण्याची सोय बंद असावी आणि जिटर बफर (मागेपुढे येणारे आवाजाचे तुकडे सावरणारा साठा) स्थिर असावा. अशा सेवेचे ॲडॉप्टर आकड्यांमध्ये काही सेकंद खंड पडला की क्रमांक पूर्ण झाला असे समजून अर्धवट आकडेच पुढे पाठवते. त्यामुळे तिथे क्रमांकाच्या मध्ये स्वल्पविराम देऊ नयेत, आणि ॲडॉप्टर मान्य करत असेल तर शेवटी चौकटीचे चिन्ह जोडावे.

पुनर्प्रयत्न प्रोग्रॅमकडेच ठेवावेत. मॉडेमला कारणांचा विचार करता येत नाही. प्रोग्रॅमला 'बिझी' आल्यास एक-दोन मिनिटांनी, 'नो कॅरिअर' आल्यास दहा-पंधरा मिनिटांनी, आणि 'नो डायलटोन' आल्यास लगेच थांबून माणसाला कळवायचे, असे सांगता येते. प्रयत्नांची कमाल संख्या ठरवलीच पाहिजे, कारण क्रमांक चुकला असेल तर रात्रभर एखाद्या अनोळखी घरात फोन वाजत राहतो आणि उचलणाऱ्याला फक्त शांतता किंवा १३०० हर्ट्झची तुटक शिट्टी ऐकू येते. हाच त्रास टाळण्यासाठी कित्येक देशांतल्या नियमांनी मॉडेमलाच मर्यादा घातली आहे. ठरावीक अयशस्वी प्रयत्नांनंतर तो 'डिलेड' किंवा 'ब्लॅकलिस्टेड' असे उत्तर देऊन त्या क्रमांकावर काही काळ डायल करण्याचे नाकारतो. हे उत्तर दिसल्यास मॉडेम बिघडला असे समजू नये, आणि मर्यादा चुकवण्यासाठी त्याचा वीजपुरवठा तोडून जोडण्याची युक्ती प्रोग्रॅममध्ये घालू नये. दोन प्रयत्नांमधले अंतर वाढवावे. पीपीपीडी वापरत असल्यास हे अंतर 'होल्डऑफ'ने, आणि सलग अपयशांची मर्यादा 'मॅक्सफेल'ने ठरते. 'मॅक्सफेल' शून्य केले तर मर्यादाच राहत नाही, म्हणून ते टाळावे. मात्र पीपीपीडीला अपयशाच्या कारणांत फरक करता येत नाही. कारणानुसार वेगळा अवकाश हवा असेल, तर चॅट कोणत्या ॲबॉर्ट ओळीवर थांबला हे त्याच्या निर्गम-संकेतावरून वाचणारी छोटी शेल स्क्रिप्ट लिहावी लागते.

ही सगळी व्यवस्था लागू करण्यापूर्वी अपयशाची चाचणी मुद्दाम घ्यावी. मॉडेम ज्या लाइनवर आहे तिचाच क्रमांक डायल केला की बहुतेक एक्स्चेंज व्यग्र टोन देतात. तिथे 'बिझी' हे उत्तर येते का, प्रोग्रॅम ठरल्याप्रमाणे थांबतो का आणि कमाल संख्येनंतर खरोखर गप्प बसतो का, हे पाहावे. त्यानंतर तार काढून 'डब्ल्यू'च्या जागी मॉडेम 'नो डायलटोन' म्हणतो का, हेही तपासून घ्यावे.